वाऱ्याविरुद्ध आलेली कार्डं

रामनाथ भित्रा होता आणि हे तो स्वतःच सांगायचा. सापाला घाबरायचा, तलाठ्याला घाबरायचा, खाकी कपड्यातल्या कुणालाही घाबरायचा, अगदी पोस्टमनलासुद्धा. खाडीला मात्र तो घाबरत नसे. वसईच्या किल्ल्यापलीकडे, खाडी समुद्राला मिळते तिथे त्याची भाताची दोन खाचरं होती. भात झोडून झालं की थंडीभर तो ओहोटीच्या वेळी चिखलात उतरायचा आणि समुद्राने टाकलेलं लाकूड गोळा करायचा. फळ्या, बांबू, कधी मोडकं वल्हं. त्यावर घरची चूल पेटायची.

१९७५ च्या डिसेंबरात, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, त्याला पहिलं कार्ड सापडलं. पोस्टकार्डाएवढं, नारिंगी, प्लॅस्टिकच्या पाकिटात घट्ट बंद केलेलं. वर इंग्रजी छापील अक्षरं आणि एक आकडा. रामनाथ तिसरी शिकलेला. त्याला फक्त आकडा वाचता आला, आणि त्या आकड्यानेच तो घाबरला. ज्या वस्तूला नंबर असतो ती कुणाची तरी असते.

ते दिवसच तसे होते. आणीबाणी लागलेली, आणि किनाऱ्यावर चोरटा माल उतरतो म्हणून शेजारच्या गावातल्या दोघांना चौकशीला नेलेलं. आठ दिवसांनी ते परत आले. काय विचारलं, काय झालं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. त्यांच्या त्या गप्प बसण्याची रामनाथला जास्त भीती वाटली.

त्याने कार्ड घरी आणून तांदळाच्या कणगीमागे ठेवलं. चार दिवसांनी दुसरं सापडलं, मग तिसरं. पौष उजाडेपर्यंत पाच झाली. पाचही त्याच जागी, चिखलाच्या त्याच वळणावर.

"अवो, शाळेतल्या बेटी टीचरला दाखवा," त्याची बायको कमळी म्हणाली. "ती वाचून सांगंल."

"आनि तिनं पुढं कोनाला सांगितलं तर?"

"मग फेकून द्या."

"फेकल्यावर कोनी बघितलं तर?"

कमळीने कपाळावर हात मारला. रामनाथला आता जेवण जाईना. त्याला वाटायचं, कुणीतरी मुद्दाम आपल्या वाटेवर कार्डं टाकतंय, आपण काय करतो ते बघतंय. किनाऱ्यावर जायचं थांबवलं तर संशय येईल, गेलं तर सहावं सापडेल.

पौष वद्य तृतीयेला सकाळी साडेआठच्या सुमारास गावात सरकारी जीप आली. रामनाथ बांधावर होता. जीपमधून खाकी कपड्यातला ड्रायव्हर उतरला, मागोमाग चष्मा लावलेली एक बाई. ती सिप्रियनशी बोलत होती. सिप्रियन म्हणजे शेजारचा होडीवाला, त्याचा आवाज मोठा. वाऱ्यावरून शब्द आले: "नारिंगी कार्डं? नाय बा, मला तरी नाय सापडली."

रामनाथ मागच्या दाराने घरात शिरला, पाचही कार्डं कमरेला खोचली आणि तिवरांच्या झाडीतून खाडीकडे पळाला. किनाऱ्यापासून दूर चिखलाचा एक उंचवटा ओहोटीत उघडा पडायचा. मध्ये घोट्याएवढ्या पाण्याचा ओहोळ. तो ओलांडून तो उंचवट्याच्या समुद्राकडच्या टोकाला पोचला आणि एकेक कार्ड जमेल तितक्या लांब भिरकावलं.

जा, जिथून आलात तिथं जा.

तो धापा टाकत उभा राहिला. पाण्यावर पाच नारिंगी ठिपके. क्षणभर ते जागच्या जागी डोलले. मग त्यातला एक हलला. त्याच्याकडे. मागोमाग दुसरा. भरती लागली होती. पाची कार्डं हळूहळू परत येऊ लागली. एक त्याच्या पोटरीला चाटून पुढे गेलं, एक पायापाशी अडकलं. रामनाथने लाथेने ते ढकललं, तर ते गोल फिरून पुन्हा पायाशी आलं.

भीतीने त्याची मतीच गुंग झाली होती. नाहीतर पौर्णिमेनंतरची ही उधाणाची तिथी, आज पाणी किती जोरात चढणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बऱ्याच वेळाने मागे वळला तेव्हा ओहोळ छातीएवढा झाला होता. किनारा समोर दिसत होता, कमळी बांधावर दिसत होती, आणि मधलं पाणी तपकिरी होऊन सरसर खाडीत शिरत होतं.

तो ओहोळात उतरला. तळ लगेच सुटला. आधी किनाऱ्याकडे सरळ हात मारले, आणि पाण्याने त्याला चिंधीसारखं उचललं. नाकातोंडात खारं पाणी गेलं. आता घाबरायला वेळ नव्हता, तरी तो घाबरला होता, इतका की कार्डं, जीप, चौकशी सगळं एकदम लहान झालं. मग हातांनाच आठवलं असावं. प्रवाहाशी भांडायचं नाही. त्याने अंग सोडलं, पाणी नेईल तिकडे जाऊ दिलं, आणि वाहता वाहता तिरपं तिरपं किनाऱ्याकडे सरकू लागला. समोर जाळी बांधायचे खुंट दिसले. पहिला हुकला. दुसऱ्याला त्याने दोन्ही हातांनी मिठी मारली. खुंटाला चिकटलेल्या शिंपल्यांनी छाती सोलून निघाली.

"रामनाथ, सोडू नको रे!" सिप्रियन होडी घेऊन येत होता. होडीत ती चष्म्याची बाईही होती.

त्याला वर ओढलं तेव्हा त्याचे दात वाजत होते. बाई पुढे झाली, तसे त्याने हात जोडले.

"बाई, मी काय केलं नाय. ती आपली आपन आली."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्यांनी आपली आपणच यायचं होतं. आम्हीच सोडली ती, दिवाळीनंतर, रत्नागिरीसमोर, बोटीतून."

तिचं नाव इनेझ, मूळची गोव्याची, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी संस्थेत कामाला. कार्डावर एवढंच लिहिलेलं होतं की सापडल्यास जागा, तारीख, वेळ लिहून परत पाठवा. बेटी टीचरने इनेझजवळच्या कार्डावरून ते मराठीत वाचून दाखवलं तेव्हा रामनाथ घोंगडीत गुरफटून आपल्या ओट्यावर बसला होता.

"कशाला पन?" त्याने विचारलं.

"पाणी कुठून कुठे जातं ते कळायला. भरती-ओहोटी चंद्रसूर्याच्या ओढीने होते, ते पाणी येतं नि जातं. पण त्याच्याशिवाय समुद्र आणखीही चालत असतो. वारा वरचं पाणी ढकलतो. पृथ्वी फिरते, त्यामुळे पृथ्वीच्या उत्तरेकडच्या आपल्या अर्ध्या भागात ते पाणी उजवीकडे वळतं. गार आणि खारट पाणी जड, ते खाली बसतं. हलकं पाणी वर पसरतं. अशा वाहत्या नद्याच आहेत समुद्रात. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याने पाणी दक्षिणेला जातं, थंडीत उलट, उत्तरेला."

रामनाथ विचारात पडला. "पन थंडीत वारा वरनं खाली येतो. उत्तरेचा. मग कार्डं वाऱ्याच्या उलट कशी आली?"

इनेझने वही उघडली. "तेच तर आम्हाला शोधायचंय, भाऊ. काही जण म्हणतात, बंगालच्या बाजूचं कमी खारट पाणी लंकेला वळसा घालून वर येतं. पण नक्की कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला पाचही दिवस आठवतात?"

त्याला तारखा ठाऊक नव्हत्या. तिथ्या ठाऊक होत्या. कुठल्या तिथीला, भरती लागून किती वेळाने, सगळं त्याने सांगितलं आणि तिने लिहून घेतलं. तिथीवरून भरतीची वेळ काढता येत होती. तिला नुसत्या तारखेपेक्षा ते फार उपयोगाचं वाटलं.

जीप गेली. रामनाथला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या दिवसापासून त्याच्या मनात वेगळीच भीती बसली. इतकी वर्षं त्याला वाटायचं, आपल्या दारचं पाणी आपलंच, सकाळी जातं, संध्याकाळी परत येतं. आता कळलं की ते कुठल्याशा लांबच्या देशाहून येतं, वर कुठेतरी निघून जातं, आणि एवढं थोरलं काही पायाखालून जात असताना कसलाच आवाज होत नाही. "आपन त्यात उभं राहतो गं," तो कमळीला म्हणायचा, आणि अंगावरचा काटा दाखवायचा.

तरी पुढची तीन वर्षं त्याने मिळालेलं प्रत्येक कार्ड बेटी टीचरकडे नेलं. १९७९ च्या थंडीत मात्र एकही आलं नाही. माघ संपला तसा त्याचा धीर सुटला. पाणी थांबलं असेल का? थांबलं तर पुढे काय? टीचरने त्याच्या आग्रहाने पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: प्रवाह चालू आहे, काळजी नसावी, यंदा बोट बिघडल्यामुळे कार्डं सोडलीच नाहीत.

रामनाथने ते दोनदा वाचायला लावलं.

"म्हंजे कार्ड नसलं तरी जातंच?"

"जातंच की," टीचर म्हणाली.

त्याने मान हलवली. पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि बांधावर जाऊन बसला. समोर पाणी अगदी शांत दिसत होतं. कमळीने जेवायला तीन हाका मारल्या तरी तो उठला नाही.