सतरंजीवरच्या बाई

शुक्रवारी सकाळी आम्ही नवरा-बायको ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. माझी जुडी पाहून ती म्हणाली, "अवो, हे गिऱ्हाइकासाठी हाय का म्हशीसाठी?" मी काही बोलणार तेवढ्यात छातीवर हात ठेवून तिथंच आडवी झाली... दुपारच्या आत सरलं. सांजेला अग्नी दिला.

महिना होत आला. मी चौथीतून शाळा सोडलेला, मळ्यातला माणूस. लेख लिहिणं माझं काम नाही. पण माझी शांताबाई केनवडकडच्या शाळेवर जन्मभर मास्तरीण होती, अन् तिचं एक काम सांगितलंच पाहिजे.

नोकरी नवीन होती तेव्हा पहिलीतलं एक तांड्यावरचं पोरगं तिला त्याच्या बंजारा बोलीत काही विनवत होतं. हिला समजलं नाही, हिनं त्याला खाली बसवलं. पोराची चड्डी ओली झाली. त्या दिवशी ही जेवली नाही. शनिवारी तिनं चौथीतल्या तांड्यावरच्या पोरीला फळ्यापाशी उभं केलं, स्वतः सतरंजीवर बसली अन् म्हणाली, "शिकव मले तुझी बोली." तेव्हापासून दर शनिवारी मास्तर खाली, पोरगं वर. तांड्यावरची पोरं शाळेत टिकू लागली. रिटायर झाली तरी ही शनिवारी जायचीच. मी चिडवायचो, या वयात बोली शिकून कोणाला पटवतं? ती म्हणायची, अजून अर्धीच आली.

औंदा नवे सर आले. पोरांसमोर खाली बसलो तर मान कोण देईल, म्हणून ते दारातच उभे राहायचे. "मी गेली का हे बंद पडते," एवढाच तिला घोर होता.

मसणवटीत तेच सर मला म्हणाले, उद्या शाळा बंद ठेवतो. मी म्हटलं, "बाई मेली, शाळा नाही मेली."

दुसऱ्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं. सुतकात कुठं चालले म्हणून सारे ओरडले. मी गेलो. सतरंजीवर तिच्या जागी बसलो. फळ्यापाशी पाचवीतली पायल, रडून डोळे सुजलेले. म्हटलं, "शिकव माय, मले काहीच येत नाही."

दारात सर. बराच वेळ उभे होते... मग चपला काढल्या अन् माझ्या बाजूला मांडी घालून बसले.

भूक लागली हे तांड्यावर कसं म्हणतात, ते पायलनं सांगितलं. मी तसं म्हणून पाहिलं, चुकलं. पोरं फिदीफिदी हसली. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं.

"आजोबा, तुमी थांबा जराक," पायल म्हणाली. "सर, आता तुमी म्हना."

सरांनी म्हटलं.