सासूबाईंचं रिव्हॉल्व्हर आणि माझं बोट

एका रविवारी दुपारी माझ्या उजव्या हाताचं बोट सासूबाईंच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अडकलं.

निपाणीजवळच्या शेतावर रानडुकरं येत, म्हणून सासरेबुवांनी ते परवाना काढून घेतलं होतं. सासरेबुवा गेल्यावर परवाना सासूबाईंच्या नावावर झाला. आता शहरात, राजाजीनगरला, राहणाऱ्या या बाईंनी नवं मॉडेल घ्यायचं ठरवलं. जुनं त्याच दुपारी बंदुकीच्या दुकानात जमा करायचं होतं.

मी त्याच शहरातल्या मारतहळ्ळीचा संगणकवाला. आठवडाभर व्हिडिओ बघून तयार होतो. (जावयाचं ज्ञान सासुरवाडीत नाही दाखवायचं तर कुठे?) सासूबाईंनी ते मधोमध वाकवून उघडलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि माझ्या हातात दिलं.

"हे जुनं असं कमरेत वाकतं," मी बायकोला, मेधाला, सांगू लागलो. "नव्याची गोळ्यांची चक्री बाजूला उघडते. शिवाय चापाभोवतीची कडी मोठी असते. ही बघ किती लहान!"

किती लहान ते दाखवायला मी बोट आत घातलं.

"रिकामं असलं तरी तिथं बोट घालायचं नसतं, जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"काढतो," मी म्हणालो. निघेना. खोबरेल झालं, साबण झाला, बर्फही झाला. बोट मात्र फुगत गेलं.

"आता?" मेधाने विचारलं.

"आता काय, दुकानातच जायचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांनाही घेऊ."

त्यांनी माझा हात टॉवेलात गुंडाळला, परवाना पर्समध्ये टाकला आणि रिक्षा थांबवली. ड्रायव्हरने हाताला काय झालं ते विचारलं.

"भाजलं," मी म्हणालो.

"चेपलं," त्याच क्षणी मेधा म्हणाली.

ड्रायव्हर आरशातून टॉवेलकडे बघत राहिला. "स्वल्प बेग होगप्पा," जरा लवकर चल बाबा, असं सासूबाई कन्नडमध्ये म्हणाल्या, आणि त्या आवाजाने रिक्षाच काय, पुढची बससुद्धा वेगाने निघाली असावी.

दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाने टॉवेल सोडला, चष्मा लावला आणि माझ्याकडे नव्हे, रिव्हॉल्व्हरकडे प्रेमाने पाहिलं. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने दोन स्क्रू काढले. अख्खी कडी सुटून माझ्या बोटात अंगठीसारखी राहिली. मग तेल लावून त्याने तीही हळूच फिरवून काढली. मी थक्क होऊन बघत होतो. इतक्या जुन्या लोखंडात एवढा समजूतदारपणा!

"नशीब समजा, सर," तो म्हणाला. "नव्यात कडी सांगाड्यासकट एकसंध घडवतात. तिला स्क्रूच नसतात."

"मग नव्यात अडकलं असतं तर?" मेधाने विचारलं.

 त्याने नुसतं माझ्या बोटाकडे पाहिलं.

नवं रिव्हॉल्व्हर काउंटरवर आलं. काळंभोर, देखणं. सासूबाईंनी चक्री अलगद बाहेर काढली, एका डोळ्याने आत पाहिलं आणि बोट कडीच्या बाहेर सरळ ठेवून ते बंद केलं. बघणाऱ्याचा श्वास अडकावा अशी सफाई. माझाही हात नकळत पुढे गेला.

"राहू दे, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मी फोटो पाठवते."