इंजिनाच्या पोटात

कुठल्याही गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या निदान जाळता तरी येतात! किस्से मात्र चार माणसं चहाला बसली की पुन्हा वर येतात. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत मी परळला भाऊ सावंतांच्या गॅरेजात फटफट्या दुरुस्त करायचो. बाहेर मोर्चे आणि सभा, आणि आत आम्ही इंजिनाच्या पोटात पडलेले नट शोधतोय!

भाऊंचा कायदा एकच होता. ज्याच्या हातून बारीक वस्तू पडेल, त्यानं ताबडतोब ‘गेली!’ म्हणून ओरडायचं, आणि बाकीच्यांनी असतील तिथं थांबायचं. पाय हलवायचा नाही, किकला हात लावायचा नाही. कुणी गुपचूप इंजिन पुन्हा जोडून टाकलंच, तर पिस्टनची पिन धरून ठेवणारी एवढीशी क्लिप आतल्या सगळ्याची वाट लावायची.

‘गेली!’ ओरडण्यात आमच्या अंतूचा पहिला नंबर. कामाला वाघ होता हो, पण बोटांना नको तितकी घाई. त्यात फणसवाडीच्या परबांच्या शालूवर त्याचा जीव जडलेला, आणि तिचाही त्याच्यावर. परब कचेरीत हेडक्लार्क. सुट्टीच्या दिवशी स्वतःची फटफटी स्वतः उघडून बसणारे. त्यांनी भाऊंना तोंडावर सांगितलं होतं, “ज्याच्या हातून वस्तू पडतात, त्याच्या हातात मी पोरगी द्यायची?” तेव्हापासून अंतूच्या हातून जास्तच पडायला लागलं.

*

एकदा घोषणा देणारी दोन पोरं पळत आमच्या गॅरेजात घुसली आणि मागच्या दारानं पसार झाली. पाठोपाठ एक हवालदार. नेमका त्याच क्षणी अंतू ओरडला, “गेली!”

“हलू नकात!” भाऊ असे गरजले की हवालदारसुद्धा एक पाय वर धरून जागच्या जागी उभा. आम्ही जमीन धुंडाळतोय, आणि तो बिचारा भिंतीला हात टेकून घामाघूम! शेवटी क्लिप सापडली ती अंतूच्याच सदऱ्याच्या घडीत. तोवर पोरं दादरला पोचली असतील.

हवालदार अगदी गरिबीनं म्हणाला, “मग आता मी पाय टेकू का?”

*

एका सभेनंतर फुटलेला लाउडस्पीकर भाऊंच्या हाती लागला. त्यातलं लोहचुंबक काढून त्यांनी सायकलच्या तारेला बांधलं. काय त्याचा थाट! कुणालाही हात लावू द्यायचे नाहीत.

एके दिवशी इंजिनात नट पडला. भाऊंनी तार आत सोडली, फिरवली, बाहेर काढली. काही नाही. पुन्हा सोडली, काही नाही. दुपारचं जेवण राहिलं, सगळ्यांनी आळीपाळीनं अंतूचा उद्धार केला. शेवटी अंतूच हळूच म्हणाला, “भाऊ, चुंबकाच्या मागच्या बाजूला काय चिकटलंय?”

भाऊंनी तार उलटी करून बघितली, नट काढला आणि म्हणाले, “मेल्या, मग सकाळपासून गप्प कित्याक?”

*

मग भाऊंनी नवीन फर्मान काढलं. इंजिनाच्या तोंडात आधी चिंधी कोंबायची, मगच क्लिपला हात लावायचा. अंतूनं इमानानं चिंधी कोंबली. क्लिप पडली नाही, पिस्टन बसला, वरचा सिलिंडर बसला. पण किक काही खाली जाईना!

सगळं पुन्हा उघडलं. अंतू चिमट्यानं चिंधी ओढतोय आणि ती संपता संपेना. मोर्चाच्या जुन्या फलकाचं कापड होतं ते. तेलानं माखलेली मोठाली अक्षरं एकेक करून बाहेर आली, ‘झालाच पाहिजे’.

भाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, “घ्या! आता इंजिनसुद्धा घोषणा देतंय!”

*

आणि मग परब स्वतःच आपली फटफटी घेऊन आले. “पिस्टनच्या रिंगा बदलायच्यात. अंतूच करेल. मी समोर बसतो.”

आम्ही त्यांना इराण्याकडे न्यायला बघितलं, पण ते बाकावरून हलेनात. अंतूनं चिंधी कोंबली. सगळं छान झालं, क्लिप निघाली, रिंगा बदलल्या. आता फक्त क्लिप बसवायची. पकड बदलायला गेला तेवढ्यात कोपराला चिंधी अडकली आणि निसटली, आणि तीच वेळ साधून क्लिप आत!

परब चष्मा पुसत होते. त्यांनी बघितलंच नव्हतं. मी बघितलं, भाऊंनी बघितलं. अंतूचा चेहरा पांढराफटक. गप्प बसला तर शालू मिळत होती, आणि सासऱ्याचं इंजिन फुटत होतं.

“गेली!” अंतू ओरडला.

“काय गेली?”

“क्लिप, साहेब. माझ्याच हातून.”

“मग शालूही गेली समज!” परब ताडकन उठले.

“हलू नकात!” भाऊ गरजले. परब मुकाट्यानं खाली बसले, पण तोंड काही थांबेना. “माझ्या हातून जन्मात वस्तू पडली नाही! माझ्या सदऱ्याची सोन्याची गुंडी गेली, ती धाकट्या भावानं नेली. सख्खा भाऊ, पण घराबाहेर काढला. लालबागला राहतो, आजवर तोंड नाही बघितलं!”

इकडे चुंबकाला काही लागेना. शेवटी आम्ही टाकी उतरवली, तेल काढलं, आणि आम्ही चौघा कामगारांनी मिळून फटफटी उचलून पार उलटी केली. भाऊंनी खाली परात धरली. हलवली. टण्! क्लिप पडली. अंतूनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

“आणखी एकदा हलवा,” भाऊ म्हणाले.

टण्!

भाऊंनी ती दुसरी वस्तू चिंधीनं पुसली. जरा चेपली होती, पण पिवळीधमक होती. मग त्यांनी ती परबांच्या हातावर ठेवली.

परबांनी गुंडी उलटसुलट करून बघितली आणि मूठ मिटली. आम्ही चौघं उलटी फटफटी तशीच धरून उभे!

“अंतू,” ते म्हणाले, “मला लालबागला सोड.”

“साहेब, गाडी उघडी आहे.”

“मग चालत जाऊ. पण तू बरोबर चल. जावई म्हणून ओळख करून देतो, म्हणजे तो दार तरी उघडेल.”