आमच्या व्याह्यांची खरीखुरी गाडी

खरेपणाच्या बाबतीत आमच्या व्याह्यांइतका हटवादी माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नाही. जिल्ह्याबाहेरचं मला माहीत नाही, म्हणून तेवढ्यावरच थांबतो. मी जमीनमोजणीच्या खात्यात आहे. सत्तावीस वर्षं लोकांच्या बांधांवर टेप धरून उभा राहिलोय, तेव्हा इंचाइंचावरून भांडणारी माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. पण ती स्वतःच्या जमिनीसाठी भांडतात. व्याही भांडतात ते १९४८ सालासाठी. माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा मुलीकडे त्यांनी एकदाच पाहिलं असेल. बाकी सगळा वेळ नजर आमच्या माळ्यावरच्या कंदिलावर. पोह्यांची बशी खाली ठेवून ते उठले, स्टुलावर चढले, कंदील उतरवला, फिरवून फिरवून पाहिला आणि खेदाने म्हणाले, "बूड जुनं हाय. काच मातर नंतरची." माझ्या बायकोला वाटलं, सोयरीक मोडली. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरगी पसंत हाय. कंदील देता का?"

कंदील त्यांना हवा होता तो गाडीसाठी. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं तेव्हा त्यांच्या गावचं जुनं स्टेशन नव्या रुळांपासून साडेतीनशे मीटर बाजूला पडलं. तिथे एक फलाट, एक पिंपळ, एकशे चाळीस फूट रूळ आणि शोभेसाठी ठेवलेला एक जुना डबा एवढंच उरलं. व्याही रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यापासून दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, ते या फलाटावर निजामाच्या काळातला एक प्रसंग उभा करतात. प्रसंग छोटाच आहे. काही स्वातंत्र्यसैनिक गाडीतून चाललेत, निजामाचे पोलीस त्यांच्या मागावर आहेत, आणि या स्टेशनातला एक तरुण खलाशी, म्हणजे पडेल ते काम करणारा गडी, रुळावर उभा राहून लाल झेंडी दाखवतो. गाडी थांबते, सैनिक उतरून रानात पसार होतात, पोलीस येतात तेव्हा डब्यात नुसते प्रवासी. तो खलाशी म्हणजे व्याह्यांचे वडील. त्यांचं काम व्याही स्वतः करतात. वडिलांच्या डाव्या कानात बाळी होती म्हणून वयाच्या साठाव्या वर्षी त्यांनी सोनारापुढे बसून कान टोचून घेतला. विहीणबाई त्या दिवशी म्हणाल्या, "आता पुढल्या साली बारसंबी करून घ्या!"

प्रयोगाच्या दिवशी फलाटाच्या तोंडाशी व्याह्यांची तपासणी चालते. घड्याळ काढा. मोबाइल पिशवीत टाका. रबरी चपला इकडं ठेवा, अनवाणी चला, तवा कोण घालीत होतं? बायकांच्या कपाळावर चिकटवायची टिकली दिसली की ती काढायला आणि मेण लावून कुंकू टेकवायला विहीणबाई डबी घेऊन उभ्याच असतात. एकदा सरपंचांच्या सौ. दोन टिकल्या लावून आल्या, एक मोठी आणि तिच्याखाली एक बारीक. त्या दोन टिकल्यांवरून पाऊण तास गाडी सुटली नाही. गाडी सुटते म्हणजे तीस-बत्तीस माणसं मागून डबा ढकलतात आणि पुढे पिंपात कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या पेटवून धूर करतात. शिट्टी व्याही स्वतःच्या तोंडाने देतात. कुणीतरी हौसेने शिट्टीचा आवाज मोबाइलवर आणला होता, पण तो ऐकून ते म्हणाले, "ही ब्रॉडगेजची हाय," आणि विषय संपला.

सर्वांत मोठी लढाई सोयाबीनशी झाली. फलाटामागच्या शेतात सप्टेंबरात सोयाबीन असतं आणि १९४८ साली आमच्याकडे सोयाबीन कुणी ऐकलेलंही नव्हतं. व्याह्यांनी शेतकऱ्याला सांगितलं, औंदा ज्वारी नाहीतर कापूस लाव. तो म्हणाला, "गार्डसाहेब, तुमच्या नाटकासाठी मी कापूस लावू व्हय? मग येचायला तुमचं पोलीस धाडता का?" शेवटी व्याह्यांनी हिरवी ज्वारी विकत आणून फलाटाच्या कडेने ताटान् ताट रोवली. पडदा छान झाला होता. पहिल्या शिट्टीच्या आधी अकरा शेळ्यांनी तो खाऊन टाकला. मी मोजल्या.

माझ्याकडे पोलीस इन्स्पेक्टरचं काम आहे, कारण फसून हात हलवत परत जायचं काम गावात कुणी घेत नाही आणि व्याही म्हणून मला नाही म्हणता येत नाही. पहिल्याच वर्षी त्यांनी माझा चष्मा काढून घेतला. "ही फ्रेम तवाची न्हाई." माझा नंबर उणे साडेचार. मी शिट्टी वाजताच आवेशाने धावलो, पांढऱ्या कपड्यांतला एक धिप्पाड पुढारी हेरला, त्याचा दंड धरला आणि "चल चौकीवर!" म्हणून ओरडलो. ते प्रमुख पाहुणे होते. भाषणाला उठले होते. व्याही मात्र माझ्यावर खूश. "बगा, कसे खरोखर घाबरले!"

असा हा माणूस. त्याला आनंद व्हावा म्हणून मी जे केलं, त्यात माझी चूक एवढीच की मी आधी चौकशी केली नाही. झरीला एका मोजणीला गेलो असताना शेतमालकाच्या आईने चहा दिला. वय नव्वदीच्या घरात, पण नजर आणि जीभ दोन्ही धारदार. बोलता बोलता म्हणाली की लहानपणी ती सैनिक पळाले त्याच गाडीत होती. मी मनात हिशेब केला, तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची असणार. म्हणजे प्रसंग डोळ्यांनी पाहिलेली जिवंत साक्षीदार! मी व्याह्यांना आधी काही सांगितलं नाही. सतरा सप्टेंबरला आजींना जीपमध्ये बसवलं आणि फलाटावर पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

आजी सुरुवातीला खूश होत्या. कुंकू पाहून म्हणाल्या, "असंच." कंदील पाहून म्हणाल्या, "असाच." व्याह्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मग ते रुळावर उतरले, छाती काढून उभे राहिले आणि लाल झेंडी उंच केली.

"थांबा की रं!" आजी ओरडल्या. "झेंडी कसली? झेंडी-बिंडी कायबी नव्हती. म्हैस व्हती."

डबा ढकलणारे थांबले. म्हणजे गाडी थांबलीच.

"म्हैस?" व्याही म्हणाले.

"म्हैस! रुळावर उभी ऱ्हायली, हटंना. टेसनातल्या पोराचीच व्हती. पोरगं तिला ओढायलतं, शिव्या द्यायलतं, रडकुंडीला आलतं. डोईचं लाल मुंडासं काढून तिच्या तोंडावर झटकायलतं. डायवर उतरला, त्योबी ढकलायलता. तवर ती माणसं दुसऱ्या अंगानं उतरून गेली. आमी पोरी खिडकीतून लय हसलो."

सरपंच घाईने म्हणाले, "आजीला ऊन लागलंय, सावलीत न्या." पण व्याही फलाटाजवळ आले आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आजी, त्या पोराच्या कानात काय व्हतं?"

आजींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बाळी. डाव्या. ही तुझी बरोबर हाय. बाकी न्हाई."

व्याह्यांनी झेंडीची घडी घातली, काखेत मारली आणि ते घरी गेले. प्रवाशांना उतरावं की बसावं कळेना. मला पकडायला कुणी उरलंच नव्हतं.

त्यानंतरचे महिने मला जड गेले. मुलीचा फोन यायचा, सासऱ्यांना ती मामा म्हणते, "बाबा, मामा जेवायलेत, पण बोलंनात. कंदील, झेंडी, सगळं पेटीत घालून कुलूप लावलंय." गावातली शहाणी माणसं त्यांना समजावून आली की म्हातारीचं काय मनावर घेता, लोकांना झेंडी आवडते, झेंडीच राहू द्या. ते ऐकून घ्यायचे आणि पेटीचं कुलूप ओढून बघायचे. बायको मला म्हणाली, "टेप धरून दुसऱ्याचे बांध सरकवता, आता लेकीच्या सासऱ्याचा बापच सरकवलात." मोजणीत चूक नव्हती, आणि दुःख तर त्याचंच होतं. गाडी कायमची बंद झाली तर ती माझ्यामुळे होणार होती.

ऑगस्टात एके सकाळी फोन आला. "व्याही, टेप घेऊन या."

"काय मोजायचं?"

"शिंगं. म्हैस आपली मराठवाडीच पाहिजे. हितं ज्याच्या त्याच्या दावणीला मुऱ्हा. मुऱ्हा चालणार न्हाई, ती परमुलखाची, नंतरची."

मी भीत भीत विचारलं, "म्हणजे झेंडी…?"

"दोन टिकल्या चालल्या न्हाईत, व्याही. झेंडी कशी चालंल?"

आम्ही जिंतूरच्या बाजूची नऊ गावं फिरलो. नवव्या गावात एका गोठ्यात ती मिळाली. काळी, बेफिकीर, शिंगं तलवारीसारखी मागे खांद्यापर्यंत गेलेली. डावं अठ्ठावीस इंच, उजवं सत्तावीस. व्याह्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मला भीती होती की हिच्याही कशाला तरी ते नंतरचं म्हणतील. पण ते म्हणाले, "पसंत हाय."

त्या सतरा सप्टेंबरला सगळं तसंच होतं. आजींची खुर्ची पहिल्या रांगेत होती, या वेळी व्याह्यांनी स्वतः जाऊन त्यांना आणलं होतं. म्हैस रुळावर आणून उभी केली. पिंपातला धूर निघाला. तोंडाची शिट्टी झाली. व्याही धावत आले आणि म्हशीला ओढू लागले. ठरल्याप्रमाणे ती दोन मिनिटांनी हटायची होती. ती हटली नाही. व्याह्यांनी दावं ओढलं, पाठीला खांदा लावला, लाल मुंडासं सोडून तिच्या तोंडावर झटकलं, आणि मग त्यांच्या तोंडून ज्या शिव्या निघाल्या त्या सरावात नव्हत्या. फलाट हसून हसून वाकला. आजी पदराने डोळे पुसत ओरडत होत्या, "ओढ की रं! तुझ्या बापानं ह्याहून जास्ती शिव्या दिलत्या!" सैनिक केव्हाच दुसऱ्या बाजूने उतरून सोयाबीनमध्ये शिरले होते, तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं. माझंही नव्हतं, आणि मी इन्स्पेक्टर होतो. हे किती वेळ चाललं ते मला सांगता येत नाही. घड्याळ तपासणीत काढून घेतलेलं होतं.

गर्दी पांगल्यावर आम्ही दोघे फलाटाच्या कडेला पाय सोडून बसलो. व्याह्यांचा सदरा घामाने चिंब होता. मुंडाशाने तोंड पुसत ते म्हणाले, "बाप कधीच बोलला न्हाई, व्याही. ही झेंडी गावानंच त्याच्या हाती दिली. शाळेत बोलावून नारळ दिला, हार घातला, तवाबी नुस्ता हसायचा. मी म्हणायचो, केवढा मोठेपणा! त्याला बिचाऱ्याला म्हैस आठवत असंल."

ते स्वतःशीच हसले. मग कानातली बाळी फिरवू लागले.

"इतकी वर्सं बाप झेंडी धरून नुस्ता हुभा दिसायलता," ते म्हणाले. "आज शिव्या देताना ऐकू आला. जित्तेपणी एकदा विचारायचं ऱ्हाऊन गेलं."

समोर रुळावर म्हैस अजून उभीच होती, आणि तिला हाकलायची आता आम्हा दोघांनाही घाई नव्हती.