तीनशे लिटरच्या सिस्टर

वानखडे सिस्टर कुणाच्याही आंघोळीच्या बादलीत आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहत. त्यांची सगळी नोकरी उपकेंद्रात बाळंतपणं करण्यात गेली होती. तान्ह्या बाळाचं पाणी कोपरानं पाहायचं असतं, ही सवय त्यांना इतकी जडली होती की नवऱ्याच्या बादलीतही कोपर गेल्याशिवाय त्या त्याला मोरीत जाऊ देत नसत. "हाताले सवय असते, हाताले समजत नाई," असं त्या म्हणत. भाऊराव, म्हणजे त्यांचे यजमान, खांद्यावर टॉवेल टाकून मुकाट उभे राहत. ते एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर लोकांना सूचना देऊन झाल्यावर घरी सूचना घेण्याची त्यांची तयारी होती.

केनवडजवळच्या त्यांच्या गावी मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहत होते. निवृत्त झाल्यावर सिस्टरांनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. गच्चीवर पाणी तापवायचा सोलर बसवायचा, हे पाया खोदण्याआधीच ठरलं होतं. रिसोडहून दुकानदार पाहणीला आला तेव्हा मी तिथंच चहा घेत बसले होते. त्यानं गच्ची पाहिली, बोअरचं पाणी चाखून खारं असल्याचं सांगितलं, मोरीपर्यंतचा पाइप आखूड असेल तर गरम पाणी लवकर येतं हेही समजावलं. मग विचारलं, "घरी मानसं किती?"

"कवा?" सिस्टर म्हणाल्या.

तो गोंधळला. "म्हनजे रोजचे."

"रोज आमी दोघं. दिवाळीले लेक, जावई, त्याईचे पोरं. पोरगा, सून, नातू. पोहरादेवीले जाताना माह्या नोकरीतल्या बाया येतात, त्या मुक्काम अथीच करतात."

"ताई, एका मानसाले अर्धी बकेट कडक पानी लागते, बाकी थंड मिसळायचं. दोघाले शंभर लिटर लय झालं. पाव्हन्यासाठी म्हनसान तं दोनशे घ्या. तीनशे घेतलं तं उन्हाळ्यात नुसतं उकळत राहीन."

"शंभरचंच घे," भाऊराव म्हणाले. "मी तं एक दिवसाआड आंघोळ करतो. पॅसेंजर नाई अन् खाली गाडी कायले पळवतं तू?"

"गाडीच लहान आनली तं थांब्यावरचा मानूस चढनच कसा?" सिस्टर म्हणाल्या, आणि दुकानदाराकडे वळल्या. "तीनशे."

दोघांच्या घरावर तीनशे लिटरचा ड्रम चढला. गावानं लगेच त्या घराला 'टँकरवालं घर' म्हणायला सुरुवात केली. उन्हाळ्यात दुकानदार म्हणाला होता तसंच झालं. पाणी उकळायचं, वरच्या नळीतून वाफ निघायची. भाऊराव गच्चीवर जाऊन काचेच्या नळ्यांवर पोती टाकत आणि उतरताना प्रत्येक पायरीवर "खाली गाडी, खाली गाडी" करत येत. सिस्टर ऐकून न ऐकल्यासारखं करत.

दिवाळी आली. सिस्टरांनी नव्या बादल्या आणल्या, उटणं भिजवलं. आदल्या दिवशी लेकीचा फोन आला, सासूची तब्येत बरी नाही. पोराला रजा मिळाली नव्हती. पहाटे दोनच आंघोळी झाल्या. उजाडल्यावर मी त्यांच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर सिस्टर त्या ड्रमवर हात ठेवून उभ्या. मला पाहून म्हणाल्या, "सगळं तसंच भरलेलं हाये टीचर." मग पदरानं ड्रमवरची धूळ पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं दार वाजलं. मी बादलीत रॉड टाकून पाणी तापवत होते. "थो रॉड पयले बंद करा," त्या म्हणाल्या. "मले लय भेव वाटते त्याचं. टॉवेल घ्या अन् इकडं या. दोन पावलावर पानी वाट पाहून राह्यलं अन् तुमी विजेशी खेळता?"

त्या दिवसापासून माझी आंघोळ त्यांच्याकडे. मग मागच्या गल्लीतल्या गुडघे धरलेल्या एक मावशी येऊ लागल्या. हरभरा सोंगून आलेल्या बाया संध्याकाळी पाय शेकायला थांबू लागल्या. ओट्यावर टॉवेल घेतलेल्यांची रांग लागली आणि भाऊरावांना जणू पुन्हा नोकरी मिळाली. "पुढं सरका, पुढं सरका. ताई, तुमचा नंबर मागं हाये. सुट्टे पैसे लागत नाईत," असं त्यांचं सकाळभर चाले.

समोरच्या मोठ्या घरातलं मात्र कुणी येत नव्हतं. तिथं गोदाआजी होत्या, जुन्या शेतकरी घराण्यातल्या. त्यांच्या नातीचा, प्रियाचा, जन्म सिस्टरांच्याच हातचा. पण बाळंतिणीला पाहायला सिस्टर जात तेव्हा त्यांच्या चहाचा कप वेगळा असायचा, कोनाड्यात ठेवलेला. "मी काई बोलली नाई," सिस्टरांनी मला एकदा सांगितलं होतं. "मले पित्त हाये, चा चालत नाई, एवढं म्हनून उठून यायची. तवापासून त्या घरी मले पित्तच हाये."

आता प्रिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या भावानं हौसेनं नव्या मोरीत गिझर बसवला होता, दिसायला सुबक, तीन लिटरचा. घरातली चूल तर कधीच मोडलेली. बाळंतिणीच्या डोक्याला शिकेकाई लावून झाली की पाणी गार व्हायचं. पोरगी फेसभरल्या केसांनी कुडकुडत बसायची.

एका सकाळी गोदाआजी रस्ता ओलांडून आल्या. हातात रिकामी बादली. ओट्यावरची रांग आपोआप बाजूला सरली. भाऊरावही नंबर विसरले.

"सिस्टर," आजी म्हणाल्या, "एक बकेट पानी भेटन का? पोरगी गारठून राह्यली."

सिस्टरांनी बादली त्यांच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली. "बकेटीनं काय होनार हाये, आजी? नेईस्तोवर निम्मं निवन. पोरीलेच घेऊन या, बाळालेबी आना. अथीच न्हाऊ घालू."

आजी गेल्या आणि दोघांना घेऊन आल्या. त्या सकाळी सिस्टरांनी आधी प्रियाला न्हाऊ घातलं, मग पाय पसरून बाळाला त्यावर घेतलं. बाळ रडलं, मग पाण्याच्या उबेनं जांभई देऊन गप्प झालं. धुरी घेऊन दोघं झोपली. आजी स्वयंपाकघरात पाटावर टेकल्या आणि कुणाकडेही न पाहता म्हणाल्या, "चा टाक माय सिस्टर. दोघीचा टाक."

सिस्टरांनी दोन कप भरले, एकाच जोडीतले. आजींनी एक उचलला. दुसरा सिस्टरांनी तोंडाला लावला तेव्हा भाऊराव दारातून म्हणाले, "तुले तं पित्त हाये ना?"

"होतं," सिस्टर म्हणाल्या आणि बशीत ओतून चहा प्यायल्या.

त्यानंतर सव्वा महिना बाळ-बाळंतीण रोज तिथंच न्हायली. पुढच्या दिवाळीला लेक, पोरगा, नातवंडं सगळी आली, आणि ड्रम पहिल्यांदाच रिकामा झाला. भाऊरावांना शेवटी गार पाण्यानं आंघोळ करावी लागली. ते ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत होते.

मग माझी बदली झाली, इंझोरीला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. निघायच्या सकाळी सामान टेम्पोत चढवलं आणि सिस्टरांनी मला दंडाला धरून मोरीत नेलं. "बसा पाटावर."

"सिस्टर, मी करीन माझं."

"गप बसा. तिकडं कोन धुनार हाये तुमचं डोकं?"

त्यांनी आधी तेल जिरवलं, मग शिकेकाई चोळली. मी डोळे मिटून बसले. तांब्यामागून तांब्या गरम पाणी डोक्यावर येत राहिलं. बाहेर भाऊराव ड्रायव्हरला सांगत होते, "थांब जरा, शीट भरायची हाये." सिस्टर हसत होत्या आणि पाणी ओतत होत्या. डोळ्यांत शिकेकाई गेल्याचं मी सांगितलं, ते त्यांनी खरं मानलं.

मंगरुळपीर आलं तरी केस ओले होते. पदरावर पाणी ठिबकत होतं, कॅबिनभर शिकेकाईचा वास सुटला होता. ड्रायव्हर बराच वेळ पाहत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, माहेरावून निंगाल्या काय?"

मी हो म्हटलं.