पडद्यावरची पाठमोरी बाई

नाटकांचे पडदे रंगवणारा तो माणूस दर हिवाळ्यात आमच्या चामोर्शीच्या शाळेच्या मैदानात कापड अंथरायचा. मी तिथला चित्रकलेचा शिक्षक, पदविकावाला. तो जेमतेम सातवी शिकलेला. गालात तंबाखूचा खर्रा धरून ब्रशचा एक फटकारा मारायचा आणि तो कसा दिसतो ते पाहायला थेट मैदानाच्या टोकाच्या हापशीपर्यंत चालत जायचा. "शेवटच्या रांगेले दिसलं पायजे ना, गुरुजी," म्हणायचा.

एका वर्षी त्याने पडद्यावर तळ्याकाठची सहल रंगवली. मोहाच्या झाडाखाली जेवणाची पंगत, हसणारी माणसं. ऊन दाखवायला त्याने कापड चक्क कोरं सोडलं होतं. पिवळ्यात पांढरा मिसळून मी वर्षानुवर्षं जे शोधत होतो, ते याने न रंगवताच साधलं होतं. मला एखादी चूक हवीच होती. पंगतीपासून दूर, पाण्यात पाय सोडून एक बाई पाठमोरी बसली होती.

"हिला चेहराच नाही," म्हणत मी माझा बारीक ब्रश पुढे केला.

"कायले? तिले घरी जायाचं नाई, गुरुजी. पाठीवरूनच समजते." ब्रश त्याने माझ्याच खिशात अलगद खोचला.

दुपारी पडदा शाळेच्या भिंतीवर वाळत होता. बायको माझा डबा घेऊन आली. बारा वर्षं माझ्या प्रत्येक चित्राला ती "मस्त हाये" एवढंच म्हणत आली होती. पडद्यासमोर ती थांबली, ती थांबलीच.

"या बाईले घरी जायाचं नाई वाटते," ती हळूच म्हणाली.

मी डब्यासाठी हात पुढे केला. तिला तो दिसला नाही.