उरलेल्या तुकड्यांचं शेत

लातुरात बर्फ पडतो असं सांगितलं तर माणसं हसतील. पण पडतो. गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेमागल्या गल्लीत, सलीम घड्याळवाल्यांच्या काचेच्या कपाटात, दर वर्षी डिसेंबर लागला की पडतो.

त्या कपाटात एके काळी लंबकाची घड्याळं टांगलेली असत. आता तिथं एक गाव वसलं आहे. पांढऱ्या छपरांचं खेळण्यांचं दुकान, शेजारी बेकरी, पलीकडं पोस्ट, गोठलेल्या तळ्यावर घसरणारी मुलं, आणि एक स्टेशन, जिथं आगगाडी आली ती कायमची थांबली. सगळं गाव नखाएवढ्या, बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या विटांचं. तेरा हिवाळे, तेरा खोकी. छपरांच्या कडेनं पसरलेला कापूस मात्र खोक्यात येत नाही. तो सलीमभाई नदाफाकडून खास बारीक पिंजून आणतात.

"भाई, हा सण कुणाचा म्हणायचा?" एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"थंडीचा," सलीमभाई म्हणाले. "थंडी काय जात विचारून वाजते व्हय?"

वडिलांनी निजामाच्या अमलात मांडलेली ही गादी. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं उचलणं हे सलीमभाईंचं आयुष्य. त्यांची उचलती बोटं बघायला माणसं काचेपाशी उभी राहत. एखाद्या कसलेल्या नटानं नुसती मान वळवावी आणि सगळं थेटर गप्प व्हावं, तसं ते बघणं होतं. मग लोक मोबाइलमध्ये वेळ बघू लागले. आणि जणू त्यांच्या घाईला साथ द्यायची म्हणून सलीमभाईंचा उजवा हातही थरथरू लागला. स्प्रिंग चिमट्यातून निसटू लागली. ज्या दिवशी एका गिऱ्हाइकाचं घड्याळ दुरुस्त न करताच परत द्यावं लागलं, त्या दिवशी ते दुकानामागच्या घरात येऊन अर्धंच जेवले.

त्याच हिवाळ्यात मुलगी रुखसार हैदराबादहून आली. तिच्या कंपनीच्या सोडतीत तिला एक खोकं लागलं होतं. "अब्बा, तुम्हें काम लाई," म्हणत तिनं ते पुढं ठेवलं. खोक्यावर बर्फातलं खेळण्यांचं दुकान. आत आठशे विटा. सलीमभाईंनी एक वीट उचलली, हात थरथरला. पण दुसरीवर ठेवून दाबली तशी ती टक् करून बसली, आणि दाबताना हात थांबला. त्यांनी पुन्हा एक दाबली. पुन्हा थांबला.

दुकान तीन दिवसांत उभं राहिलं. आणि तिथंच घोटाळा झाला. ताटलीत अकरा तुकडे उरले.

घड्याळजीच्या धंद्यात एकच धर्म असतो. घड्याळाचं झाकण बंद केलं की ताटली रिकामी पाहिजे. एक स्क्रू उरला तर घड्याळ चाललं तरी ते दुरुस्त नव्हे. सलीमभाईंनी दुकान विटेविटेनं उकललं आणि पुन्हा बांधलं. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदा बांधलं, या वेळी बायकोला, हुसेनबींना, शेजारी बसवून, पुस्तकातलं पान न् पान बोट ठेवून. पुन्हा अकरा. सलीमभाईंच्या कपाळावर भर डिसेंबरात घाम.

शेवटी रुखसारला फोन लावला. ती हसतच सुटली. "अब्बा, वो जादाच डालते. बारीक तुकडा गुमता बोलके."

सलीमभाईंना हायसं वाटलं आणि रागही आला. "म्हंजे कारखान्याला आपल्याच मोजणीचा भरवसा न्हाई!"

पण ते अकरा तुकडे त्यांनी टाकले नाहीत. घड्याळाचे सुटे भाग ठेवायची गोल, काचेच्या झाकणाची डबी काढली, तुकडे तिच्यात घातले, वर साल लिहिलं. पुढं दर हिवाळ्याला एक खोकं आणि एक डबी. डब्या ओळीनं फळीवर. हुसेनबी रोज त्या फळीवरची धूळ पुसत आणि रोज एकदा म्हणत, "अजी, इत्ते जतन से तो मेरेकु नइं रक्खे."

"तू कधी उरलीस का?" सलीमभाई म्हणत. "तू तर मला कायम कमीच पडलीस." हुसेनबी तोंड फिरवून हसत.

आता दुसऱ्या पात्राचा प्रवेश. सलीमभाईंच्या शेजारचं दुकान मल्लिनाथअप्पांचं. दोरखंड, कासरे, बैलांच्या घुंगुरमाळा. कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज असा की गोलाईच्या या टोकाला शिंकले तर त्या टोकाला कुणीतरी "शिवशिव" म्हणावं. औशाच्या रस्त्याला त्यांचं चार एकर काळं रान होतं, आणि चौतीस वर्षं सलीमभाईंचं कुटुंब येळवसला त्या रानात जेवलं होतं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडच्या माणसाला ही सांगावी लागत नाही, बाकीच्यांना सांगून कळत नाही. ऐन थंडीत त्या दिवशी अख्खं शहर कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, आत पाच पांढरे दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की आंबील पिकाला शिंपत, आरोळी देत शेताला फेरी घालायची, त्याला चर शिंपणं म्हणतात. मग पंगत. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आणि मातीच्या बिंदगीतली लसणाची गार आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आदल्या दिवशी आवतण देतो, आणि ते मोडायचं नसतं. मल्लिनाथअप्पा दर वर्षी सलीमभाईंच्या पायरीशी उभे राहून ओरडत, "येळवसला या, सहकुटुंब! आवतण मोडाल तर पीक रुसतंय!" ईदचा शीरखुर्मा इकडून तिकडं जाई, ते ठीक. पण उभ्या पिकातल्या पंगतीची परतफेड करायला सलीमभाईंच्या नावावर वीतभर जमीन नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात ते रान रुंद होणाऱ्या रस्त्यात गेलं. विहीर बुजली, चिंच पडली. अप्पा दुकान उशिरा उघडू लागले, आणि उघडलं तरी घुंगुरमाळा बाहेर टांगेनात. नोव्हेंबरात त्यांच्या घरच्या शिवकन्यावैनी सलीमभाईंच्या पायरीवर येऊन बसल्या.

"भाऊजी, येळवसचं नाव काढू देत न्हाईत. रेणापूरच्या माझ्या भावानं तीन डाव फोन केला. हे म्हणतेत, जन्मभर वाढलेल्या हातानं आता दुसऱ्याच्या बांधावर पत्रावळ धरू का? दार लावून पडून राहीन म्हणतेत." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "त्या दिशी पडलेला माणूस पुन्हा उठंल का, ह्याचं भ्या वाटतंय मला."

वैनी गेल्यावर सलीमभाई फळीकडं बघत राहिले. मग उठले आणि तेरा डब्या एकेक करून खाली घेतल्या.

कधी न उघडलेल्या त्या डब्यांतून काय काय निघालं! पिवळ्या-तपकिरी काड्या, हिरवी पानं, पांढरी गोल बटणं, इवले कंदील. काड्या एकाला एक लावून अंगठ्याएवढी कोप झाली. हिरव्या पानांचा हरभरा झाला. बर्फातल्या झाडांच्या उरलेल्या फांद्यांची चिंच झाली. पाच पांढरी बटणं म्हणजे पाच पांडव. कड्यावर कडं ठेवून विहीर झाली. पण काळी माती? उरलेल्या तुकड्यांत एवढा मोठा काळा तुकडा नव्हता. असणार कसा? उरतात ते बारीकच.

काळी फळी होती ती स्टेशनाखाली.

तेरा खोक्यांतलं एकही अपुरं नाही, हा सलीमभाईंचा एकुलता एक अभिमान. गल्लीत कुणीही आलं तरी हे वाक्य ऐकल्यावाचून जात नसे. त्यांनी कपाट उघडलं. आगगाडी अलगद उचलून हुसेनबींच्या पानदानाशेजारी ठेवली. आणि स्टेशन उकलायला बसले. हुसेनबी दारात उभ्या होत्या. त्यांनी चहा आणून ठेवला.

येळवसच्या आदल्या दिवशी सलीमभाईंनी धुतलेली शेरवानी घातली, अप्पांच्या दुकानासमोर रस्त्यात उभे राहिले आणि छाती भरून ओरडले, "येळवसला या, सहकुटुंब!"

अप्पांनी सुतळीच्या गुंडीवरून मान वर केली. "काय पिऊन आलास का काय? कुठं येऊ?"

"माझ्या शेतात."

"तुला शेत कवापासून?"

"तेरा वर्षं झाली. दर साली थोडं थोडं घेतलं."

अप्पांचा आ वासला. "तेरा वर्षं? आन् मला बोलला न्हाईस?"

"आता बोलायलोय न्हवं? आवतण मोडशील तर पीक रुसतंय." आणि सलीमभाई मागं न बघता आत गेले. असं वाक्य टाकलं की थांबायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गंजगोलाई अशी सुनसान, की सलीमभाईंच्या भिंतीवरच्या एकुलत्या घड्याळाची टिकटिक रस्त्यावर ऐकू येत होती. शिवकन्यावैनी सकाळीच मागच्या दारानं भज्जीचं पातेलं देऊन गेल्या होत्या. नव्या बिंदगीत त्यांनीच पाठवलेल्या ताकाची आंबील हुसेनबींनी केली होती. अकराच्या सुमाराला अप्पा आले, मागोमाग शिवकन्यावैनी. अप्पांचं धोतर, उपरणं, चेहरा मात्र भांडायला आल्यासारखा.

"कुठाय शेत? जीप कुठाय?"

"बस तर खरं."

खोलीत मधोमध चौरंगावर एक मोठं ताट आणि त्यावर हुसेनबींची हिरवी ओढणी. सलीमभाईंनी ओढणी उचलली.

अप्पा बघत राहिले. कोप बघितली, पांडव बघितले, चिंच बघितली. बोटानं हरभऱ्याला हात लावला आणि मागं घेतला. शिवकन्यावैनींनी अप्पांकडं बघायचं धाडस केलं नाही.

"विहीर चुकली," अप्पा म्हणाले.

"चुकली?" सलीमभाई उसळले. "चौतीस वर्षं बघितली मी. डावीकडं!"

"माझं रान मला सांगू नको! कोपीच्या उजवीकडं व्हती विहीर. आन् चिंच डावीकडं."

"चिंच उजवीकडं! मी तिच्या सावलीत बसून जेवलोय!"

"आन् मी काय आभाळात जेवलो?"

"तू जेवलासच कुठं? तू उभा राहून नुसता ओरडायचास, उंडा घे, उंडा घे!"

दोघांचा आवाज इतका चढला की त्या ओस गल्लीत एक कुत्रं उठून उभं राहिलं. आणि शिवकन्यावैनी, आजवर दोघांच्या मध्ये कधी न पडलेल्या, पुढं झाल्या. त्यांनी ताटाच्या दोन्ही कडा धरल्या आणि ते अर्धं फिरवलं.

"आता बघा," त्या म्हणाल्या.

विहीर उजवीकडं. चिंच डावीकडं. कोपीच्या दारात उभं राहून वाढणाऱ्या माणसाला दिसतं तसं, जसंच्या तसं.

अप्पा खाली वाकले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं ताट पुन्हा उलटं फिरवलं आणि सलीमभाईंच्या बाजूनं बघू लागले. बराच वेळ.

"हिकडून असं दिसायचं व्हय," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच गोलाईच्या बाहेर गेला नाही. "मी हिकडून कधी बघितलंच न्हाई."

"बघशील कसा? पंगतीत कधी बसलास का? हातात कायम बिंदगी." सलीमभाईंनी सतरंजी अंथरली. "बस. आज माझं शेत हाय. आज मी वाढणार."

अप्पा बसले. चिंचेच्या बाजूला, पाहुण्यांच्या जागी. हुसेनबींनी पत्रावळ मांडली. सलीमभाईंनी भज्जी वाढली, उंडा वाढला. मग बिंदगी उचलली. ती भरलेली होती, जड होती, आणि इथं टक् करून दाबायला काही नव्हतं. हात थरथरला. आंबील द्रोणात पडली त्याहून जास्त बाहेर उडाली. सतरंजीवर, अप्पांच्या धोतरावर, ताटातल्या हरभऱ्यावर. हुसेनबी फडकं घेऊन धावल्या. सलीमभाई जागच्या जागी उभे, बिंदगी छातीशी धरून, डोळे खाली.

"पुसू नका भाभी," अप्पा म्हणाले.

त्यांनी वर हात करून सलीमभाईंचा आंबिलीनं भिजलेला थरथरता हात मनगटाशी धरला. थांबवला नाही. तसाच, थरथरतच, ताटाभोवती एक फेरी फिरवला. आंबिलीचे थेंब कोपीवर पडले, विहिरीत पडले, पांडवांवर पडले.

"चर शिंपल्याबिगर येळवस व्हती का कुठं?" अप्पा म्हणाले. आणि मग त्यांनी ती आरोळी दिली, जी दर वर्षी चार एकरांच्या कडेनं फिरत देत असत. पत्र्यावरची कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लिनाथअप्पांचं दुकान वेळेवर उघडलं. घुंगुरमाळा बाहेर लागल्या. मग ते सलीमभाईंच्या काचेपाशी आले. कपाटात, जिथं स्टेशन होतं तिथं आता शेत मांडलेलं होतं, चिंचेच्या बाजूनं दिसेल असं. पलीकडून कानटोपीवाली बर्फातली माणसं पंगतीला निघाल्यासारखी उभी. अप्पांनी खिशातून सुतळीचा एक बारीक धागा काढला. नखानं उकलून त्याचा केसाएवढा पदर केला होता.

"विहिरीला दोर न्हाई," ते म्हणाले. "दोरवाल्याच्या विहिरीला दोर नसावा व्हय रे?"

सलीमभाईंनी कपाट उघडून दिलं. दोर मात्र अप्पांनीच सोडला.